झाकणाच्या आत

म्हापशाच्या बाजारात, चोरिसांच्या माळा टांगतात
त्या गल्लीच्या तोंडाशी आमचं दुकान:
एक टेबल, एक दिवा,
आणि भाईंचं स्टूल, ज्यावर आता मी बसते.

पुण्याचे शिदोरे डॉक्टर दर नोव्हेंबरात येतात.
सांगतात, मनगटी घड्याळ हे पूर्वी बायकांचं लेणं.
पुरुष वेळ खिशात ठेवायचे, साखळीला बांधून.
मग पहिलं महायुद्ध आलं,
खंदकात एका हातात बंदूक, दुसऱ्यात शिट्टी,
खिसे चाचपायला सवड कुणाला?
कुणीतरी खिशातल्या घड्याळाला तारेचे कान डागले
आणि ते मनगटावर चढलं.
मी म्हणते, म्हणजे आमचं होतं, ते तुम्ही घेतलंत.
डॉक्टर हसतात, आणि भिंग मागतात.

मी ड्रॉवर उघडते.
दुरुस्तीला टाकलेली, कुणी परत न नेलेली घड्याळं,
प्रत्येकाच्या पट्ट्यात पावती.
एकसष्टच्या आधी बोटींवरून स्वस्तात उतरायची ती.
कोपरापर्यंत बांधून, वर लांब बाह्यांचा सदरा चढवून
माणसं पत्रादेवीचा नाका ओलांडायची, हात न हलवता.
भाई सांगायचे, शिपायाने एकाला सहज वेळ विचारली.
तो गडबडून म्हणाला,
कुठल्या घड्याळातली सांगू?

डॉक्टर एकेक उचलतात.
डायल पुन्हा रंगवलीय. खाली.
कडा घासल्यात. खाली.
काटे मूळचे नाहीत. खाली.
ते सगळं भाईंनी केलेलं.
रात्री एक एक वाजेपर्यंत, श्वास धरून,
रोमन आकडे काढायचे ते;
चारला चार काड्या, म्हणजे समोरच्या आठशी तोल राहतो.
गिऱ्हाईक म्हणायचं, अगदी नवं केलंत की!
डॉक्टरांच्या वहीत त्यालाच म्हणतात
खराब.

मग चांगलं कुठलं?
ज्याला कुणी हात लावला नाही, ते.

तसं एक मला ठाऊक होतं. हळदोण्याला.
रुझार तारवटीने अठ्ठावन साली एडनहून आणलेलं.
दोन रविवार मिसाला घातलं,
मग खारं लागेल म्हणून घरी ठेवून बोटीवर गेला,
तो गेलाच.
एर्मेलिंदा सत्त्याऐंशीची. बिस्किटांच्या डब्यात, कापसात ठेवलंय.
चावी कधी दिली नाही?
दिली असती तर ते कधीतरी थांबलं असतं, ती म्हणाली,
आणि ते बघायला घरात मी एकटीच.

आकड्यांवरचं रेडियम केव्हाच विझलेलं.
पण डॉक्टरांनी खिशातलं यंत्र जवळ नेलं
तर ते तडतडलं.
उजेड संपतो, म्हणाले, विष संपत नाही.
ही डायल रंगवणाऱ्या पोरी
ब्रशला ओठांनी टोक काढायच्या, त्यातच मेल्या.
असं सांगत त्यांनी बेबिंकचा दुसरा तुकडा घेतला.

सहा लाख.
एर्मेलिंदाने अंगठा ओला करून नोटा मोजल्या, दोनदा.
अर्धे छपराच्या नळ्यांना,
अर्धे भाचीच्या पोर्तुगीज पासपोर्टाच्या कागदांना.
रुझारला आवडलं असतं का, असं तिला कुणी विचारलं नाही.
तिनेही सांगितलं नाही.

एकदा झाकण उघडून दाखवा, डॉक्टर म्हणाले.
उघडलं. आत तांबूस यंत्र,
तेल वाळून डिंक झालेलं.
आणि झाकणाच्या आतली बाजू कोरी.
असं कोरं झाकण मी पाहिलंच नव्हतं.
आमच्या ड्रॉवरमधल्या प्रत्येकात सुईने कोरलेली तारीख असते
आणि बाजूला भाईंचा तिळाएवढा श.
काही झाकणांत चार-चार कारागिरांची अक्षरं,
कुणी लिस्बनचा, कुणी कराचीचा,
एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं
एका रुपयाएवढ्या जागेत दाटीवाटीने बसलेली.

डॉक्टरांचा फोन वाजला. ते बाल्कांवात गेले.
एर्मेलिंदा कपबशा उचलत होती.
भाईंची सुई माझ्या पर्समध्ये असतेच.

फोन फार लांबला नाही.
एक तारीख आणि एक अक्षर मावेल, एवढाच.
भाईंचं नाही. माझं.

त्याने किंमत किती उतरली असेल
ते एखाद्या जाणकाराला विचारा.